न कापलेला पट्टा

१

डोळा लागला तेव्हा बाईंच्या मनगटावर हिरवा पट्टा होता. जाग आली तेव्हा तो लाल होता.

बाईंनी चष्मा काढला, शालीच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. पट्टा लाल तो लालच.

या रंगांची भानगड आधी सांगायला हवी. त्या इस्पितळाच्या इमर्जन्सीत सत्तरी ओलांडलेलं कोणीही आलं की आधी त्याची जोखीम काढायची पद्धत होती. घरी कोण असतं, याआधी कधी पडलात का, पडल्यावर किती वेळ जमिनीवर होतात, आज वार कोणता, असे प्रश्न विचारायचे. मग खुर्चीतून उठून भिंतीपर्यंत चालून दाखवायचं, सिस्टरचा हात दाबून दाखवायचा. जमलं तर हिरवा पट्टा, म्हणजे कागद तयार झाले की घरी. नाही जमलं तर लाल. लाल पट्ट्यात चिप असे. तो घालून दाराजवळ गेलं की भोंगा वाजे. आणि लाल पट्टेवाल्याने पुढे एकट्याने राहावं की राहू नये, हे त्याला सोडून बाकी सगळे मिळून ठरवत.

बाई जन्मभर विमा कंपनीच्या सर्व्हेअर होत्या. जळालेल्या गोदामात शिरून आग खरी की बनाव, हे सांगायचं त्यांचं काम. सगळी हयात दुसऱ्यांची जोखीम काढण्यात गेली आणि आता कालची पोर त्यांची जोखीम काढत होती. तरी सकाळी त्यांनी शहाण्यासारखी उत्तरं दिली. एकटी राहते, पण शेजारची मुलगी दिवसातून दोनदा डोकावते. न्हाणीघरात पाय घसरला, लगेच उठले. भिंतीपर्यंत तर त्या इतक्या ताठ चालल्या की सिस्टर "वा आजी!" म्हणाली. तिने हिरवा पट्टा बांधला आणि त्याखाली आपलं बोट सरकवून पाहिलं. भिंतीवर तसं चित्रच लावलेलं होतं. पट्टा एक बोट मावेल इतकाच, ना सैल ना घट्ट.

मग दुखऱ्या कमरेसाठी एक इंजेक्शन. जरा पडा, म्हणाली. बाई पडल्या आणि जाग्या झाल्या त्या या अवस्थेत.

नाकावर माशी बसू न देणारी बाई ती. उठल्या आणि जाब विचारायला तडक निघाल्या. दाराशी पोचायच्या आत भोंगा कर्कश वाजला आणि वॉचमन दोन्ही हात पसरून आडवा आला.

"कुठे निघाली आमची आजी? चला बघू, परत चला," तो म्हणाला, शेजाऱ्यांचं कुत्रं हाकलावं इतक्या प्रेमाने.

२

"मला लाल कोणी बांधला?" बाईंनी सिस्टरला विचारलं.

सिस्टर नुकतीच जेवून आली होती. तिने पट्ट्याकडे पाहिलं आणि तीही क्षणभर गोंधळली. "बदली सिस्टरनी बदलला असेल. इंजेक्शननंतर तुम्ही गुंगीत वाटला असाल. हिरव्याचा लाल कोणीही करू शकतं, आजी. कॉम्प्युटरवर मागाहून चढवतात."

"मग आता लालचा हिरवा कर."

"ते फक्त डॉक्टर करू शकतात. आणि डॉक्टर आत आहेत, अपघाताची केस आलीय."

"बदली सिस्टरला विचार."

"ती ऑपरेशन थिएटरला गेली. फोन बाहेर ठेवून जावं लागतं."

एकेक दार बंद होत होतं. बाईंनी शेवटचं ढकलून पाहिलं. "हे बघ, मी झोपेत असताना कोणीतरी मुद्दाम बदललाय."

सिस्टरचा चेहरा मऊ झाला, आणि तो मऊपणाच बाईंना भोंग्याहून भयंकर वाटला. "आजी, हा पट्टा एकदा लागला की कापल्याशिवाय निघत नाही. आम्हीसुद्धा कात्रीनेच काढतो आणि तुकडे लगेच उचलून नेतो. बाहेरच्या कोणी तुमचा हिरवा कापला असता तर तुकडे इथेच पडले असते ना?" तिने खरोखर वाकून कचऱ्याचा डबा पाहिला, कॉटखाली पाहिलं, चादर झटकली. तुकडा नव्हता. मग हळूच म्हणाली, "आजी, रागराग करणं, संशय घेणं... आम्हाला तेही नोंदवावं लागतं."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. गप्प राहावं तर लाल कबूल केल्यासारखं होत होतं, आणि बोलावं तर लाल पक्का होत होता. इतका चोख सापळा तर गोदामं जाळणाऱ्या बनेल व्यापाऱ्यांनाही कधी सुचला नव्हता. त्या कॉटवर येऊन बसल्या. अंबाड्यातला आकडा टोचत होता. त्यांनी तो काढला. टोक वाकडं झालं होतं, आणि तो खोचलाही उलटा होता. बाई जन्मात आकडा उलटा खोचत नसत.

शेजारच्या कॉटचा पडदा ओढलेला होता. त्या पडद्यामागच्या म्हाताऱ्याला बाईंनी सकाळीच मनात नाव ठेवलं होतं, 'कितीवाजले'. दर थोड्या वेळाने तो सिस्टरला विचारायचा, "किती वाजले?" समोर हे एवढं घड्याळ. शेवटी सिस्टरने सुस्कारा टाकून त्याला लाल बांधला. रस्त्यात पडून डोक्याला खोक पडलेली, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, घरी कोण असतं विचारलं तर "कोणी नाही", आणि वेळेचं भान नाही. पहिल्या स्कॅनमध्ये काही दिसलं नव्हतं, पण अशा माणसाच्या डोक्यात रक्त मागाहूनही साचतं, म्हणून संध्याकाळी पुन्हा स्कॅन होता.

माणूस मात्र गमतीदार होता. बाईंशी त्याने छान गप्पा मारल्या होत्या. "त्या दाराची जीभ घासलीय," तो वॉर्डाच्या दाराकडे कान लावून म्हणाला होता. "ऐका, कशी खडखडतेय." बाईंनी विचारलं, काय करत होता तुम्ही? तर म्हणाला, "ओळखा. मी जायचो तेव्हा माणसं दाराबाहेर कपाळाला हात लावून बसलेली असायची."

"जप्तीवाले?"

तो खोक धरून हसला. "छे हो! मी गेलो की हसायला लागायची."

तेवढ्यात मुलगा आणि सून आत आले, आणि मुलाच्या खिशातून एक गुळगुळीत रंगीत पत्रक डोकावत होतं. बाईंनी त्यावरची अक्षरं वाचली. 'ज्येष्ठ निवास.'

३

"आई, लाल?" मुलाने विचारलं. त्याला धक्का बसला होता, पण त्यात कुठेतरी सुटका होती. बाईंना ती बरोबर दिसली. पोटचा पोर होता.

"तू कुठे होतास मी झोपले तेव्हा?"

"आई, अशी उलटतपासणी घेऊ नकोस. ते बघतात."

"कुठे होतास?"

मुलाने सुनेकडे पाहिलं, सुनेने जमिनीकडे. "डॉक्टरांकडे गेलो होतो," तो शेवटी म्हणाला. "म्हटलं, आईला दोन दिवस ठेवून घ्या. तुझं ते एकटं राहणं... रात्री फोन वाजला की मी ताडकन उठून बसतो, आई. डॉक्टर म्हणाल्या, हिरवा मिळालाय, ठेवता येणार नाही. विषय संपला."

"आणि मग परत येऊन संपलेला विषय उघडलास."

"मी पट्ट्याला हात लावलेला नाही!" तो जवळजवळ ओरडला. मग आवाज उतरवून म्हणाला, "शेजारच्या त्या मुलीला फोन करू का? तुझे कपडे घेऊन येईल."

"नको," बाई झटकन म्हणाल्या. "कामावर असेल ती. तिला कशाला त्रास."

त्या सुनेकडे वळल्या. सून मितभाषी. सासूशी तिचं ना सख्य ना वैर. "मी इथेच स्टुलावर बसले होते. तुम्हाला झोप लागली तसा चहा आणायला गेले. आले तेव्हा पट्ट्याकडे लक्षच गेलं नाही."

"का नाही गेलं?"

"तुम्ही गळ्यापर्यंत शाल घेऊन झोपला होतात. हात आत होते. मी जाताना शाल पायाशी होती. मला वाटलं, सिस्टरनी पांघरली."

"मी नाही," पलीकडून सिस्टर म्हणाली. "मी जेवायला गेले होते."

बाईंनी मनात हिशेब मांडला. मुलाला कारण होतं. बदली सिस्टरला हात घालायची मुभा होती. सुनेला संधी होती. पण आईच्या अंगावर शाल घालून, तिचा आकडा वाकडा करून, तो पुन्हा तिच्या केसांत खोचणारा माणूस यातला कुठला? मुलाला तर आकडा अंबाड्यात असतो की पर्समध्ये, हेही ठाऊक नव्हतं.

त्यांनी लाल पट्ट्याशी चाळा केला. आणि बोटं थबकली. पट्ट्याखाली एक बोट गेलं. दुसरं गेलं. तिसरंही सहज गेलं.

४

"सिस्टर, इकडे ये. एकच प्रश्न विचारते, नंतर वाटेल ते नोंदव. तुमच्याकडे तीन बोटं मावतील असा पट्टा कोण बांधतं?"

सिस्टरने पाहिलं. स्वतःचं बोट घालून पाहिलं. "कोणीच नाही," ती चाचरत म्हणाली. "बदली असो की नवी असो, पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

"मग हा माझ्यासाठी बांधलेलाच नाही. माझ्यापेक्षा जाड मनगटावर, एक बोट ठेवून, नीट बांधलेला पट्टा आहे हा."

"पण तो न कापता निघेल कसा?"

"ते मागाहून. आग लागली ना, की लोक विचारतात, कोणाच्या वाइटावर कोण होतं? मीही जाग आल्यापासून तोच गाढवपणा केला, पोटच्या पोराला चोर ठरवून बसले. आम्ही कामावर वेगळंच विचारायचो. आगीच्या आधी गोदामातून बाहेर काय गेलं?" बाई उभ्या राहिल्या. "लाल माझ्याकडे आला, ते महत्त्वाचं नाही. माझा हिरवा गेला कुठे? हिरवा म्हणजे दाराबाहेर जायचा परवाना. इथे लाल बांधलेले कितीजण आहेत?"

"तीन. एक मावशी ऑक्सिजनवर आहेत. एका काकांचा खुबा मोडलाय, त्यांना हलताही येत नाही. आणि..."

सिस्टरची नजर पडद्याकडे गेली. सुनेने हात लांब करून शेजारचा पडदा बाजूला सारला.

चादर चौकोनी घडी घालून ठेवलेली होती. कॉट रिकामी होती.

५

"हिरवा पट्टा होता, म्हणून सोडला," वॉचमन म्हणाला. त्याची पाचावर धारण बसली होती. "नमस्कारसुद्धा केला त्यांनी मला."

डॉक्टर हातमोजे ओढत बाहेर आल्या. सिस्टरने दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी आधी बाईंच्या मनगटाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. लाल पट्टेवालीचं ऐकावं की नाही, हा प्रश्न त्यांच्या कपाळावर उमटलेला होता.

"पट्टा उघडला कसा, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं पटेल," बाई म्हणाल्या आणि आकडा पुढे केला. "याचं टोक वाकलंय. पट्ट्याच्या बटणापाशी बघा, ओरखडा आहे. मी झोपेत असताना त्याने माझा आकडा काढला, दोन्ही पट्टे उघडले, हिरवा स्वतःला लावला, लाल मला. माझं मनगट मोकळं राहिलं असतं तर कोणीतरी लगेच पाहिलं असतं. तो कुलूपवाला आहे, डॉक्टर. किल्ली हरवली की लोक कपाळाला हात लावून दाराबाहेर बसतात ना, त्यांच्याकडे जाणारा. दाराच्या खडखडीवरून त्याने मला सांगितलं, कुलपाची जीभ घासलीय. तुमचा हा पट्टा म्हणजे त्याला पोरखेळ."

"पण ते गोंधळलेले होते," सिस्टर म्हणाली. "सारखी वेळ विचारत होते."

"ज्याला वेळेचं भान नाही, त्याला वेळेची काळजी नसते. त्याच्या घरी कोणाची तरी जेवणाची वेळ टळत होती. तू त्याला बिस्किटं दिलीस, त्याने किती खाल्ली?"

सिस्टर आठवू लागली. "एक. दुसरं खिशात ठेवलं."

"पिशवीत काय होतं?"

"औषधं, आणि... लोकर. तांबड्या लोकरीचे दोन गुंडे."

"घरी कोणी नाही म्हणणारा माणूस लोकर कोणासाठी घेतो? फोन करायचा का, विचारलंस?"

"म्हणाले, उचलणार कोण." सिस्टरचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, एकटे आहेत बिचारे. हात दाबायला सांगितला तेव्हाही उजवी मूठ उघडेनात. आत किल्ली होती."

"घरात असं माणूस आहे, ज्याला फोन उचलता येत नाही आणि एकटं बाहेर पडलं तर परतीची वाट सापडत नाही. बायको असणार. म्हणून तो दाराला बाहेरून कुलूप लावून निघाला, पटकन औषध आणतो म्हणून. आणि रस्त्यात पडला."

"मग आम्हाला सांगायचं ना!" डॉक्टर म्हणाल्या. "लगेच माणूस पाठवला असता."

बाईंनी वाकडा आकडा अंबाड्यात खोचला. "तुम्ही तिलाही प्रश्न विचारले असते, बाळ. तिला कुठला पट्टा मिळाला असता, हे त्याला माहीत होतं. आणि कुलूप लावून बायकोला कोंडणाऱ्या नवऱ्याकडे तुम्ही तिला परत पाठवलं असतं का?"

डॉक्टर फोनकडे धावल्या. केसपेपरवर पत्ता होता. ॲम्ब्युलन्स निघाली.

बाई कॉटवर बसल्या. आता त्यांच्या हातात काहीच नव्हतं. माणूस चोर होता, आणि तो सुखरूप सापडावा म्हणून त्या चोराच्या आईसारख्या दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या. पट्टा, हिरवा, घर, सगळं क्षणभर विसरल्या. मुलगा येऊन शेजारी बसला. बऱ्याच वेळाने सिस्टरचा फोन वाजला, आणि ऐकता ऐकता ती खाली बसली.

६

तो त्याच्याच उंबऱ्यावर सापडला. किल्ली कुलपात घातलेली, पण उजवा हात लुळा पडलेला. जन्मभर गावाची कुलपं उघडली आणि स्वतःच्या कुलपात किल्ली फिरेना. आतून बायको दार ठोठावत होती आणि बाहेरून तो तिला सांगत होता, "आलो, आलो, एक मिनिट." ॲम्ब्युलन्सवाल्याने त्याच्या बोटांमधून किल्ली सोडवून एका फेऱ्यात दार उघडलं. दोघांनाही एकाच गाडीतून आणलं.

डोक्यात रक्त साचत होतं. "वेळेत आलेत," डॉक्टर म्हणाल्या, "आणखी थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं." त्याला तसंच ऑपरेशनला नेलं. जाताना स्ट्रेचरवरून त्याने डाव्या हाताने बाईंना हात जोडल्यासारखं केलं, आणि बाईंनी मोठ्यांदा दम दिला, "आधी बरे व्हा. आकड्याची भरपाई मी सोडणार नाहीये!"

बायकोला शेजारच्या कॉटवर बसवलं. इवलीशी, स्वच्छ म्हातारी, हातात विणायच्या सुया घट्ट धरलेल्या. सुनेने नवऱ्याच्या पिशवीतली तांबडी लोकर तिच्या मांडीवर ठेवली तशी ती शांत झाली. बाईंकडे वळून तिने विचारलं, "किती वाजले? ते जेवायला येतील ना?"

"येतील हं," बाई म्हणाल्या. तिच्या मांडीवरून घसरणारा लोकरीचा गुंडा त्यांनी सावरून दिला.

मग सिस्टर कात्री आणि नवा हिरवा पट्टा घेऊन आली. कच्चकन लाल कापला. डॉक्टर ओशाळून हसल्या. "माफ करा, आजी. नियम आहे म्हणून प्रश्न पुन्हा विचारते, सकाळचीच उत्तरं द्या आणि घरी जा. घरी कोण असतं?"

बाईंनी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, सकाळी घडवलेलं, खणखणीत. शेजारच्या कॉटवर सुया चालू झाल्या होत्या. समोर मुलगा उभा होता. त्याने खिशातलं ते पत्रक केव्हाच चुरगाळून डब्यात टाकलं होतं. ते टाकताना बाईंनी पाहिलं होतं.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या. "शेजारची मुलगी घर सोडून गेली, वर्ष झालं."

मुलाने मान वर केली.

"पडल्यावर किती वेळ जमिनीवर होतात?" डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं.

"रात्रभर. फोन बाहेरच्या खोलीत होता. उजाडल्यावर सरपटत गेले आणि याला फोन केला. म्हटलं, आत्ताच घसरले." मुलगा काही बोलायला पुढे झाला तसा त्यांनी त्याचा हात धरला. "ओरडायचं ते नंतर ओरड. लोकांचे खोटे दावे पकडण्यात जन्म गेला, आणि आज सकाळी स्वतः एक ठोकून दिला. घाबरले होते रे. तो कुलूपवाला घाबरला तसंच."

सिस्टरच्या एका हातात हिरवा पट्टा होता. तिचा दुसरा हात ड्रॉवरवर गेला आणि तिथेच थांबला. तिने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर बाईंकडे पाहत होत्या.

बाईंनी मुलाचा हात सोडला नाही. दुसरं मनगट त्यांनी सिस्टरपुढे केलं.

"बांध आता खरा असेल तो," त्या म्हणाल्या. "पण एक बोट मावेल इतकाच."